सर्वांच्या हाती खडू
विखुरलेल्या माणसांनी ऑनलाइन फळ्यावर मिळून विचार कसा करावा

आज आपल्या बहुतेक सामूहिक कामांचा कारभार व्हॉट्सॲपवर चालतो. शाळेचा स्टाफ असो, मोहल्ल्याची समिती असो, बचत गट असो की चार शहरांत विखुरलेल्या भावंडांनी मिळून करायची एखाद्या लग्नाची तयारी असो, पहिले काम ग्रुप काढण्याचे. मग ग्रुपवर कोणीतरी प्रश्न टाकतो, "यंदाचे स्नेहसंमेलन कसे करायचे? सूचना द्या." पुढे काय होते ते वाचकांना सांगायला नको. दोघे सलाम करतात, तिघे अंगठा दाखवतात, एक जण पाच मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठवतो, मध्येच 'जुम्मा मुबारक'चे फुलांचे चित्र येते, आणि सकाळी कोणी लिहिलेली एक चांगली सूचना संध्याकाळपर्यंत साठ मेसेजखाली गाडली जाते. शेवटी ठरते तेच, जे ग्रुपमधल्या दोन बोलक्या माणसांच्या मनात आधीपासून असते. बाकीचे "जैसी सबकी मर्जी" म्हणून मोकळे होतात.

यात कोणाची नियत वाईट नसते. अडचण जागेची असते. व्हॉट्सॲप गप्पांसाठी उत्तम आहे. पण गप्पा ओळीने पुढे सरकतात आणि मागचे नजरेआड होते. मिळून विचार करायचा तर सगळ्या गोष्टी एकाच वेळी डोळ्यांसमोर हव्यात. आम्हा शिक्षकांना हे फळ्याने शिकवले आहे. तोंडी सांगितलेली पाच कारणे मुले विसरतात. तीच फळ्यावर लिहिली की पाचवे वाचताना पहिल्याकडे नजर जाते आणि मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणते, "टीचर, ही दोन कारणे तर एकच आहेत!"

दूरदूर राहणाऱ्या माणसांसाठी असा फळा आता उपलब्ध आहे. त्याला ऑनलाइन व्हाइटबोर्ड म्हणतात. मोठ्या कंपन्यांत तो रोजच्या वापरातला झाला. आपल्या शाळा, समित्या आणि कुटुंबांत अजून फारसा आलेला नाही. तो काय आहे, आणि मुख्य म्हणजे दहा-पंधरा माणसांच्या गटाला त्याची ओळख कशी करून द्यावी, हे आम्ही या लेखात सांगणार आहोत.

फळा दिसतो कसा?

तुमच्या फोनवर किंवा कॉम्प्युटरवर एक लिंक येते. ती उघडली की समोर पांढरे पान येते. हे पान हवे तिकडे सरकवता येते, जवळ आणता येते, लांब नेता येते. त्यावर रंगीत चौकोनी चिठ्ठी चिकटवता येते, तिच्यावर लिहिता येते आणि बोटाने ओढून दुसरीकडे ठेवता येते. रेघ, बाण, फोटो हेही टाकता येते. तुम्ही मालेगावात बसून चिठ्ठी चिकटवली की पुण्यातल्या भावाला आणि दोह्यातल्या मेहुण्याला ती त्याच क्षणी दिसते. त्या वेळी मेहुणा ड्यूटीवर असेल तर रात्री फळा उघडल्यावर दिसेल. फळा कोणी पुसत नाही, तोवर तो तसाच राहतो.

हा फळा फार जुना नाही. २०११ साली दोन ठिकाणी त्याची सुरुवात झाली. संगणकावरचे खेळ बनवणाऱ्या अर्जेंटिनाच्या मारियानो सुआरेझ-बट्टान यांनी 'म्युरल' काढला, आणि रशियातल्या पेर्म शहरात 'रिअलटाइमबोर्ड' सुरू झाला, ज्याचे नाव २०१९ पासून 'मिरो' आहे. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपला व्हाइटबोर्ड सर्वांसाठी खुला केला. मग २०२० चा लॉकडाऊन आला, ऑफिसे घरात आली आणि या फळ्यांची गरज एकदम वाढली. २०२१ मध्ये 'फिगजॅम' आला, २०२२ मध्ये 'कॅनव्हा'नेही फळा दिला. अनेक शिक्षकांना 'पॅडलेट' माहीत असेलच. त्याचीही जातकुळी हीच.

चिठ्ठीत काय आहे?

कोणी विचारील, बैठकीत तोंडाने बोलता येत असताना चिठ्ठ्या कशाला लिहायच्या? याचे उत्तर संगणकापेक्षा जुने आहे.

अमेरिकेत जाहिरात व्यवसायातल्या ॲलेक्स ऑसबोर्न यांनी 'ब्रेनस्टॉर्मिंग'ची पद्धत लोकप्रिय केली. सगळ्यांनी एकत्र बसायचे, सुचेल ते बोलायचे, कोणी कोणावर टीका करायची नाही. १९५८ साली येल विद्यापीठात ही पद्धत तपासली गेली. चौघांचे काही गट एकत्र बसवले. दुसरीकडे काही जणांना एकेकटे बसवून चौघा-चौघांच्या कल्पना नंतर एकत्र केल्या. एकेकटे बसलेल्यांच्या कल्पना जास्त निघाल्या. पुढे १९८७ मध्ये डील आणि श्ट्रोबे या दोन मानसशास्त्रज्ञांनी यामागचे मोठे कारण दाखवून दिले. एक जण बोलत असताना बाकीच्यांना थांबावे लागते आणि आपली पाळी येईपर्यंत सुचलेले निसटून जाते. आपल्या बैठकांत तर अदब हेही कारण असते. मोठे बोलून झाल्यावर धाकट्यांनी वेगळे बोलणे बरे दिसत नाही, मग सुचलेले मनातच राहते.

दुसरा दाखला जपानचा आहे. जिरो कावाकिता हे मानववंशशास्त्रज्ञ नेपाळच्या डोंगराळ गावांत फिरून माहिती गोळा करत. टिपणांचा ढीग जमला की त्यातून अर्थ काढायचा कसा? त्यांनी एक रीत बसवली. एका कार्डावर एकच गोष्ट लिहायची, सगळी कार्डे समोर पसरायची, जी एकमेकांजवळची वाटतात ती शेजारी ठेवायची आणि मग प्रत्येक ढिगाला नाव द्यायचे. ढिगांची नावे आधी ठरवायची नाहीत, हे तिचे मर्म. कावाकितांच्या आद्याक्षरांवरून ती 'केजे पद्धत' म्हणून ओळखली जाते. दुर्गम गावांतल्या लोकांना त्यांच्याच अडचणींच्या शोधात सामील करून घेतल्याबद्दल १९८४ मध्ये त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या कामातून गावांना पिण्याचे पाणी आणि दऱ्या ओलांडणारे रोपवे मिळाले होते. आजच्या ऑनलाइन फळ्यावरची रंगीत चिठ्ठी ही त्याच कार्डाची नात म्हणावी.

एका गावाचा अनुभव

कोकणातल्या खाडीकाठच्या एका गावाची शिक्षण समिती आहे. नाव सांगण्याची गरज नाही, कारण रायगड-रत्नागिरीतल्या अशा कितीतरी गावांचे चित्र हेच आहे. काही माणसे गावात, काही मुंब्रा-कुर्ल्यात, काही कुवेत-कतारमध्ये. समितीत चौदा जण. दहावी झालेल्या मुला-मुलींना पुढच्या फीसाठी मदत करणे हे समितीचे काम. तरीही दहावीनंतर बऱ्याच मुली घरी बसत. फोनवरच्या बैठकीत थोरले चाचा म्हणत, "फी वाढली असेल, रक्कम वाढवू या." रक्कम वाढे, मुली घरीच राहत. समितीत तीन महिला होत्या. त्यांचे बोलणे "बराबर है"च्या पुढे क्वचितच जाई.

आम्हा दोघा-तिघा शिक्षकांना समितीने ऑनलाइन फळा शिकवण्यासाठी बोलावले. पहिल्या आठवड्यात आम्ही मुख्य प्रश्नाला हातच लावला नाही. फळ्यावर एकच ओळ लिहिली : 'गावातली कोणती जागा सर्वांत जास्त आठवते?' खाली चौदा कोऱ्या चिठ्ठ्या आधीच ठेवून दिल्या. कोणी खाडीचा धक्का लिहिला, कोणी शाळेमागची चिंच, कोणी आजीची पडवी. कुवेतमधल्या एका भाईंनी धक्क्याचा जुना फोटोच लावला. "हे पोराटोरांचे काम" म्हणणाऱ्या चाचांनी पहिली चिठ्ठी नातवाकडून लिहवून घेतली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या आणखी तीन चिठ्ठ्या आल्या, स्वतः लिहिलेल्या. चिठ्ठी उघडणे, लिहिणे, सरकवणे हे सगळे हसत-खेळत हाताला सवयीचे झाले.

दुसऱ्या आठवड्यात खरा प्रश्न आला : 'दहावीनंतर आपल्या गावातल्या मुली शिक्षण का सोडतात?' नियम चारच होते. एका चिठ्ठीवर एकच गोष्ट. चिठ्ठीवर नाव नाही. दुसऱ्याच्या चिठ्ठीला उत्तर द्यायचे नाही. कोणाचीही चिठ्ठी काढायची नाही. फळ्यावर लिहिणाऱ्याचे नाव दिसू नये म्हणून सर्वांनी फळा उघडताना 'गाव' हे एकच नाव टाकले. फळा तीन दिवस खुला ठेवला. कुवेत-कतारचे घड्याळ आपल्या अडीच तास मागे असते, तिथे रविवारी काम असते आणि शुक्रवारी सुट्टी. तीन दिवस मिळाल्यामुळे प्रत्येकाने आपल्या सवडीने लिहिले. समितीच्या संमतीने हीच लिंक गेल्या तीन वर्षांत दहावी झालेल्या मुलींना आणि त्यांच्या आयांनाही पाठवली. ज्या घरात फोन एकच आणि तोही अब्बूंच्या खिशात, तिथे समितीतल्या एका आपांनी कागदाचे तुकडे दिले, घडी घातलेले परत घेतले आणि आहे तसे फळ्यावर उतरवले.

शुक्रवारी रात्री नऊला, म्हणजे कुवेतच्या साडेसहाला, सगळे फोनवर जमले. पहिली दहा मिनिटे कोणी बोलायचे नव्हते, फक्त वाचायचे होते. मग चिठ्ठ्या सरकू लागल्या आणि ढीग तयार झाले.

फीचे नाव चार-पाच चिठ्ठ्यांवर होते. सर्वांत मोठा ढीग परतीच्या वाटेचा होता. 'प्रॅक्टिकल पाचला सुटते, शेवटची बस त्याआधी जाते.' 'फाट्यापासून घरापर्यंत दिवे नाहीत.' 'सोबत कोणी मुलगी असेल तर अम्मी पाठवते, एकटीला नाही.' दुसरा ढीग लग्न आणि घरातल्या निर्णयांचा होता. त्यातली एक चिठ्ठी अशी : 'मला विचारले नाही, सांगितले.' आणि तिसऱ्या ढिगात तीन चिठ्ठ्या होत्या, ज्यांची कोणालाच कल्पना नव्हती. एकीवर लिहिले होते, 'मदत मिळालेल्यांची यादी दरवर्षी फलकावर लागते. त्यात नाव वाचून मैत्रिणी बोलतात. म्हणून मी अर्ज केला नाही.'

फोनवर काही वेळ कोणी बोलले नाही. मग एकाने विचारले, "हे कोणी लिहिले?" कागद गोळा करणाऱ्या आपा म्हणाल्या, "भाईजान, ते आज शोधले तर पुढच्या वेळी कोणी लिहिणार नाही." विषय तिथेच थांबला. थोडे थांबून चाचा बोलले, "यादी लावायची पद्धत माझ्या अब्बांनी सुरू केली होती. लोकांना हिशोब दिसावा म्हणून." आणि मग तेच म्हणाले, "हिशोब राहू द्या. नावे काढा."

त्या रात्री दोन गोष्टी ठरल्या. यादीत यापुढे नावांऐवजी फक्त आकडे आणि रक्कम लागेल. आणि फीच्या पैशांतला काही भाग संध्याकाळी फाट्यापासून गावापर्यंत येणाऱ्या एका ठरलेल्या गाडीच्या भाड्यासाठी जाईल. गाडी सुरू झाली आहे. त्यामुळे किती मुली पुढे शिकल्या याचा हिशोब एका वर्षात करू नये. दोन-तीन वर्षे जाऊ द्यावीत. लग्नाचा आणि घरातल्या निर्णयांचा ढीग मात्र अजून फळ्यावर तसाच आहे. त्यावर ठराव करून भागत नाही. समितीतल्या तिघी आता घरोघर जाऊन बसतात, बोलतात. फळ्याने एवढेच केले, की हा ढीग आहे हे आता कोणाला नाकारता येत नाही.

गटाला ओळख कशी करून द्यावी?

या आणि शाळेतल्या अनुभवावरून आम्हाला उपयोगी वाटलेली रीत अशी आहे.

पहिली गोष्ट, सगळी बटणे शिकवू नयेत. या फळ्यांवर शंभर सोयी असतात आणि उत्साही माणूस पहिल्याच दिवशी सगळ्या दाखवू लागतो. लोक घाबरतात. तीनच गोष्टी शिकवाव्यात : लिंक उघडणे, चिठ्ठी लिहिणे, चिठ्ठी सरकवणे. बाकीचे ज्याला हवे तो आपसूक शिकतो.

दुसरी, कोरा फळा देऊ नये. कोऱ्या कागदासमोर परीक्षेतला हुशार मुलगाही क्षणभर थबकतो. वर मोठ्या अक्षरात प्रश्न, खाली आखलेले रकाने, माणशी दोन-तीन कोऱ्या चिठ्ठ्या एवढी मांडणी आधी करून ठेवावी. शीर्षके आणि रकाने 'लॉक' करता येतात. ते करावे, नाहीतर कोणाच्या तरी बोटाने प्रश्नच फळ्याबाहेर ओढला जातो.

तिसरी, पहिला प्रश्न हलका असावा. ज्याचे चूक उत्तर असूच शकत नाही असा. घरच्या गटासाठी 'ईदला अम्मीच्या हातचे काय आठवते?' हाही चालेल. पैसा, पद किंवा मानपान यांचा विषय पहिल्या दिवशी नको.

चौथी, लिहिताना शांतता. सर्वांनी एकाच वेळी बसायचे असेल तर दहा मिनिटे लावून द्यावीत आणि तेवढ्या वेळात कोणी बोलू नये. शिक्षकांना हे सोपे वाटेल, पण मोठ्या माणसांचा वर्ग गप्प बसवणे मुलांपेक्षा अवघड असते!

पाचवी, अध्यक्षांनी किंवा मुख्याध्यापकांनी आपली चिठ्ठी शेवटी लावावी. त्यांची चिठ्ठी आधी दिसली की पुढच्या अर्ध्या चिठ्ठ्या तिच्या नकला होतात. हे त्यांना आधी एकांतात, अदबीने सांगून ठेवावे. समजावून सांगितले तर बहुतेक जण मानतात.

सहावी, फळा सांभाळणारा एक माणूस नेमावा. सारख्या चिठ्ठ्या जवळ आणणे, ढिगाला नाव सुचवणे, वेळ पाहणे हे त्याचे काम. स्वतःचे मत पुढे रेटणे हे त्याचे काम नव्हे. हे काम शाळेतल्या सर्वांत नव्या शिक्षिकेला किंवा घरातल्या कॉलेजला जाणाऱ्या मुलीला द्यावे. हात चालतो आणि जिम्मेदारीही कळते.

सातवी, निवड करायची तर प्रत्येकाला तीन ठिपके द्यावेत. आपल्याला जी गोष्ट आधी व्हावी असे वाटते तिच्यावर ठिपका ठेवायचा. ठिपके म्हणजे अंतिम निकाल नव्हे. लोकांचा कल कुठे आहे ते त्यातून कळते. त्यावर बोलून मग ठरवावे.

आणि शेवटची, सर्वांत महत्त्वाची. प्रत्येक फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात तीन रकाने हवेत : काय, कोण, कधीपर्यंत. हे रकाने भरल्याशिवाय बैठक संपवू नये. रंगीत चिठ्ठ्यांनी भरलेला फळा पाहून काम झाल्यासारखे वाटते. खरे तर काम तिथून सुरू होते. दोन वेळा लिहून काहीच घडले नाही, तर तिसऱ्या वेळी लोक लिहीत नाहीत आणि मग दोष फळ्याला देतात.

मराठी, उर्दू आणि मोबाइल

भाषेची अडचण वाटते तेवढी नाही. फोनवर ज्या कीबोर्डने तुम्ही मराठी किंवा उर्दू मेसेज लिहिता, त्याच कीबोर्डने फळ्यावर लिहिता येते. टाइप करायचा कंटाळा असेल तर कीबोर्डवरचे माइकचे चिन्ह दाबून बोलावे. शब्द उमटतात, थोडे तपासून घ्यावे लागतात. आमच्या घरांतल्या अनेक वडीलधाऱ्यांना ही वाट सोपी जाते.

उर्दूत लिहिणाऱ्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. एक, बहुतेक फळ्यांवर उर्दू मजकूर आपल्या सवयीच्या नस्तालीकऐवजी नस्खसारख्या अक्षरात दिसतो. वाचता येतो, डोळ्याला थोडा परका वाटतो. ओळ उजवीकडून धरण्यासाठी चिठ्ठीची मांडणी उजवीकडे करून घ्यावी. दोन, जुन्या इनपेजमधला मजकूर थेट उचलून चिकटवला तर अक्षरांचा चिवडा होतो, कारण तो युनिकोडमध्ये नसतो. मराठीच्या जुन्या फॉन्टचेही तसेच. असा मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा किंवा सरळ फोटो काढून लावावा. एकाच फळ्यावर मराठी, उर्दू आणि रोमन अक्षरांतल्या चिठ्ठ्या शेजारी शेजारी असल्या तरी काही बिघडत नाही. ज्याला जी लिपी येते तीत त्याने लिहावे.

मोबाइलची मर्यादा मात्र खरी आहे. छोट्या पडद्यावर मोठा फळा पाहणे कष्टाचे होते. म्हणून फळा आडवा-उभा पसरू देऊ नये, चिठ्ठ्यांची अक्षरे मोठी ठेवावीत आणि ढीग लावण्याचे काम ज्याच्याकडे लॅपटॉप आहे त्याने करावे. बाकीच्यांनी फोनवरून लिहिले आणि वाचले तरी पुरे.

निवड, खर्च आणि काळजी

छोट्या गटाला सुरुवातीला पैसे खर्च करण्याची गरज नाही. मिरो आणि फिगजॅम यांच्या मोफत खात्यात मोजके फळे मिळतात. एका समितीला तेवढे पुरतात. शिक्षकांना 'कॅनव्हा'चे शैक्षणिक खाते मोफत मिळू शकते. 'एक्सकॅलिड्रॉ' हा २०२० मध्ये सुरू झालेला फळा तर खाते न उघडताही वापरता येतो. त्यावर तयार चिठ्ठ्यांऐवजी चौकोन काढून त्यात लिहायचे. मोफत सोयींच्या मर्यादा कंपन्या वेळोवेळी बदलतात, म्हणून सुरू करण्याआधी एकदा पाहून घ्यावे.

ज्याच्याकडे लिंक आहे तो फळा उघडू शकतो, ही सोय आहे आणि धोकाही. फळ्यावर मुलींचे फोन नंबर, आधार क्रमांक, बँकेचा तपशील, कोणाच्या आजारपणाची किंवा गरिबीची नावानिशी नोंद कधीही करू नये. लिहिण्याची मुदत संपली की परवानगी बदलून 'फक्त वाचणे' एवढीच ठेवावी. मुलांना गटकार्यासाठी फळा दिला तर शिक्षकाने किंवा पालकाने अधूनमधून डोकावावे. वर्गातल्या फळ्यावर मधल्या सुट्टीत काय-काय लिहिले जाते ते आपल्याला माहीत आहेच.

आणखी एक सावधगिरी. गुगलचा 'जॅमबोर्ड' २०१६ मध्ये जाहीर झाला आणि पुढे अनेक शाळांत वापरला गेला. १ ऑक्टोबर २०२४ पासून त्यावर नवे काही लिहिता येईनासे झाले आणि ३१ डिसेंबर २०२४ ला तो बंदच झाला. दुसऱ्याच्या भिंतीवरचा फळा कधी उतरवला जाईल ते आपल्या हातात नसते. म्हणून प्रत्येक बैठकीनंतर फळ्याची पीडीएफ काढून ठेवावी आणि ठरलेल्या गोष्टी नेहमीच्या इतिवृत्ताच्या वहीतही लिहाव्यात. वहीला इंटरनेट लागत नाही.

कुठे फळा नको

प्रत्येक गोष्टीला फळा लागत नाही. दोन भावांमधले मन दुखावले असेल तर ते चिठ्ठ्यांनी जुळत नाही. तिथे समोरासमोर बसून चहाच घ्यावा लागतो. कोणा एकाच्या कामाची झडती घ्यायला हा फळा वापरला तर निनावी चिठ्ठी दगडासारखी लागते. माणसाविषयी लिहायचे नाही, कामाविषयी लिहायचे, हे पहिल्याच दिवशी सांगावे. पाच मिनिटांत फोनवर ठरणाऱ्या गोष्टीसाठी फळा मांडणे हाही वेळेचा अपव्ययच.

ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही, त्यांना वगळून मिळालेले उत्तर अपुरे असते. त्यांच्यासाठी कागदाच्या चिठ्ठ्या, एखादी विश्वासाची आपा किंवा भाई, आणि आहे तसे उतरवून घेण्याचा प्रामाणिकपणा हवा. आणि इंटरनेट अजिबात नसेल तर ड्रॉइंग शीट, खडू आणि जुन्या वह्यांच्या कोऱ्या पानांचे तुकडे घेऊनही हीच रीत करता येते. कावाकितांनी ती कागदाच्या कार्डांवरच बसवली होती.

ज्यांना करून पाहायचे आहे त्यांनी पाच-सहा जणांपासून सुरुवात करावी. येत्या महिन्यात शाळेचे स्नेहसंमेलन असेल, मोहल्ल्यात वाचनालयाचा विचार असेल किंवा घरात बहिणीचे लग्न ठरले असेल, तर ग्रुपवर 'सूचना द्या' असे लिहिण्याआधी फळ्यावर एक प्रश्न, काही कोऱ्या चिठ्ठ्या आणि कोपऱ्यात तीन रकाने एवढे मांडून लिंक पाठवावी. दोन-तीन दिवस थांबावे. आणि आजवर फक्त अंगठा दाखवणाऱ्यांनी काय लिहिले आहे, ते आधी वाचावे.